बाप आत येतो

लॉबीतली फरशी नुकतीच पुसली होती. तो तिच्यावरून निम्मा गेला तेव्हा मागून झाडूवाली म्हणाली, "काढलात ना नकाशा." आवाजात राग नव्हता, रोजची सवय होती. माफ करा म्हणायला तो वळला आणि तसाच उभा राहिला. ओल्या काळ्या फरशीवर दारापासून त्याच्यापर्यंत पावलं उमटली होती. बाहेरच्या रस्त्याचं काम चाललं होतं, त्याची पांढरी धूळ. डाव्या बुटाचे ठसे स्वच्छ, टाचेपासून चवड्यापर्यंत पुरे, टपालाच्या शिक्क्यासारखे. उजव्याचे फरफटलेले. प्रत्येक उजव्या ठशामागे एक शेपूट होतं, कुणीतरी पाय ओढत गेल्यासारखं. आपल्याआधी दुसरं कोण आत आलं म्हणून त्याने इकडेतिकडे पाहिलं. कुणीच नव्हतं. लिफ्टचा आरसा, पत्र्याच्या टपालपेट्या, पोछा पिळणारी बाई. ठसे त्याच्याच बुटांपाशी येऊन संपत होते, आणि त्याचा अधू पाय डावा होता. तिसऱ्या वर्षी ताप आला आणि जाताना डाव्या पायातलं बळ घेऊन गेला, हे त्याला स्वतःच्या नावासारखं पाठ होतं. उजवा धडधाकट होता, घरातला कमावता. आणि कुणी बघत नसताना, सकाळचं दूध आणायला गेला असताना, तो लंगडत होता तो उजव्या पायाने.

दुधाची पिशवी हातात गार पडत चालली होती. बाईने त्याच्या पायापाशीच पोछा फिरवला आणि सगळं पुसून टाकलं. बरं झालं, असं त्याला वाटलं, आणि लगेच वाटलं, पुरावा गेला. वर खोलीत येऊन त्याने भिंतीच्या कडेकडेने चालून पाहिलं. बघायला लागलं की पाय बघतायत हे ओळखतात. ते लगेच नट होतात. पलंगापासून खिडकीपर्यंत तो एक भिकारी चालला, खिडकीपासून मोरीपर्यंत एक खबऱ्या, मोरीपासून परत येताना आपण कोण चालतोय हे त्याला कळेना, आणि ते ओळखीचं निघालं तेव्हा तो एक दारुडा पहारेकरी होता, पंधराएक वर्षांपूर्वीच्या एका सिनेमातला. सगळे त्याच्याआधी खोलीत येऊन बसले होते. फक्त घरमालकाला जागा नव्हती.

आणि दुपारी त्याला चालायचं होतं. संहितेत एकच ओळ होती: बाप दारातून आत येतो आणि खुर्चीत बसतो. बाप. नुसता. त्या शब्दाच्या मागे काही चिकटवलेलं नव्हतं, हे त्याने पहिल्यांदा वाचलं तेव्हा पान उलटून मागे बघितलं होतं. आजवर त्याच्या वाट्याला आलेला प्रत्येक माणूस लंगडा होता: लंगडा भिकारी, लंगडा हमाल, लंगडा मुनीम, शेवटी नायकाच्या बाजूने उलटणारा लंगडा चोर. लेखकाला माणसाचं मन वाकडं आहे हे दाखवायचं असलं की तो आधी त्याचा पाय वाकडा करतो. स्वस्तात भागतं. मन दाखवायला डोकं चालवावं लागतं, पाय दाखवायला त्याला बोलावलं की झालं. आणि मन सरळ दाखवायचं असलं तरी तोच, पायरीवर बसलेला, डोळ्यांत पाणी आणणारा, दोन वाक्यांत सगळ्यांना क्षमा करून मरणारा. मेल्याशिवाय त्याला चांगुलपणा परवडत नसे. या धंद्यात त्याचं नाव कुणी घेत नसे, सगळे टेकू म्हणत. टेकूला बोलव, टेकू आहे का रिकामा, इथे टेकू लावला की सीन उभा राहील. तोही हसायचा. टेकू म्हणून हाक मारली की वळणारं डोकं त्याचंच होतं, त्याबद्दल तक्रार कुणाकडे करणार.

दिग्दर्शिका तरुण होती, त्याच्या मुलीच्या वयाची, त्याला मुलगी असती तर. ती त्याला अहोजाहो करायची आणि टेकू म्हणत नसे, त्यामुळे तिच्यासमोर त्याला आपण कोण ते आठवायला क्षणभर वेळ लागे. काल तालमीला तो दारातून आत आला आणि ती म्हणाली, सुंदर, पण हा अभिनय झाला. तो पुन्हा आला. हाही झाला, ती म्हणाली. तिने त्याला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात, डॉक्टर बोलतात तसं सांगितलं: "मला लंगडणं नकोय. या माणसाचा पाय अधू आहे की नाही याच्याशी गोष्टीला काही देणंघेणं नाही. तुम्ही घरात कुणी नसताना जसे चालता, तसे चाला." तो म्हणाला, तसाच चालतोय. ती म्हणाली, नाही. आणि तिचं खरं होतं, हे त्याला तेव्हाच पोटात कळलं होतं. फरशीवर आज फक्त दिसलं. निघताना तिने सांगितलं की उद्या दुपारपर्यंत जमलं तर ठीक, नाहीतर दुसऱ्या एकाला तिने बोलावून ठेवलंय. तो धड दोन पायांचा. गोष्टीला काही फरक पडत नाही, असं ती पुन्हा म्हणाली. फरक पडत नाही हे ऐकायला तो आयुष्यभर झुरला होता, आणि ऐकलं ते असं.

त्याने दूध तापवलं नाही. तसाच खाली उतरला आणि बसथांब्याकडे निघाला. ऊन अजून कोवळं होतं आणि रस्त्याच्या कामाची धूळ त्यात तरंगत होती, म्हणून समोरून येणारी माणसं आधी पायांपासून दिसायची, मग कमरेपासून, आणि तोंडं शेवटी. किती जण किती तऱ्हेने चालत होते, आणि एकालाही आपण चालतोय हे माहीत नव्हतं. एक बाई चालताना टाचा अशा आपटत होती की जमीन तिचं काही देणं लागत असावी. एक पोरगेलासा कारकून खांदे पुढे टाकून चालत होता, त्याचे पाय मागून निरोपासारखे येत होते. या सगळ्यांना कुणी उद्या सांगितलं की तुमची चाल आणा, तर ते काय आणतील? कुणाला सांगत नाहीत, म्हणून चाललंय. त्याचा हेवा उतू गेला. त्याला एकदम वाटलं की त्या धुळीत त्याची चालही कुठेतरी हिंडत असेल, बेवारस, कुणातरी अनोळखी माणसाच्या पायाला लागून, आणि त्या माणसाला वाटत असेल आज जरा थकल्यासारखं का होतंय.

उजवा पाय लंगडायला कुठे लागला ते त्याला माहीत होतं. सिनेमा विनोदी होता, त्यात तो फाटकावरचा दारुडा पहारेकरी. नायक फाटकातून आत शिरताना त्याच्या अधू पायाला अडखळून पडतो आणि मग दोघांची झटापट, असा प्रसंग. कॅमेरा ज्या बाजूला लावला होता त्या बाजूला उजवा पाय येत होता. डावा फाटकाच्या खांबामागे. कॅमेरा हलवायचा तर दिवे हलवायला हवेत, दिवे हलवायचे तर अर्धा दिवस गेला. दिग्दर्शकाने घड्याळाकडे बघितलं, मग त्याच्या पायांकडे, आणि म्हणाला, "टेकू, दुसरा लंगडव ना. तुला काय, दोन्ही सारखेच." सगळे हसले. तोही हसला. डाव्या पायात गुडघ्याच्या वरपर्यंत सळया असलेला जाड तळाचा बूट होता, तो खांबासारखा ताठ उभा राहायचा, त्याच्यावर भार टाकून त्याने धडधाकट पाय लंगडवला. जगात दोन्ही पायांनी लंगडणारा मी पहिलाच, असं तो त्या दिवशी चहावाल्याला म्हणाला होता. सिनेमा चालला. लोकांना ती उड्या मारत पडणारी उजवी चाल आवडली, गल्लीतली पोरं तशी चालू लागली, आणि मग जो तो तीच मागू लागला. तिच्यात मजा होती. डाव्याच्या खऱ्या चालीत मजा नव्हती, ती नुसती खरी होती. पुढची सगळी वर्षं तो उजवा पाय अधू करून जगला, आणि डावा बिचारा बुटाच्या लोखंडात गप्प, सासरी नांदणाऱ्या मुलीसारखा, आला दिवस ढकलत राहिला.

आवाजसुद्धा त्याचा नव्हता. पडद्यावर त्याची जी पावलं वाजायची ती एक माणूस बंद खोलीत बसून वाजवायचा, हातांत बूट घालून, लाकडाच्या फळीवर. खट्, घस्स. खट्, घस्स. एकदा तो बघायला गेला होता. अंधाऱ्या खोलीत पडद्यावर तो स्वतः चालत होता आणि खाली दोन हात त्याचे बूट घालून त्याच्यासोबत चालत होते, इतके बिनचूक की त्याला उचकी लागली. काम झाल्यावर तो माणूस घाम पुसत म्हणाला, तुझ्यापेक्षा तुझं लंगडणं माझ्या हाताला बरं येतं बघ. खोटं नव्हतं. त्या रात्री स्वप्नात तो हातांवर चालत घरी आला होता आणि कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

बस शहराच्या दुसऱ्या टोकाला निघाली होती, ताईकडे. आपण तिकडे निघालोय हे त्याला बसमध्ये बसल्यावर कळलं. त्याची चाल मुळात बघितलेलं आता जगात एकच माणूस उरलं होतं, आणि ते शिवणयंत्रावर बसून लोकांचे कपडे आखूड-सैल करत होतं. त्याच्या प्रत्येक पँटचा डावा पाय आजवर तिनेच दोन बोटं वर घेतला होता. माप न घेता. कात्री घ्यायची, कापायची, टाके घालायचे, आणि पँट तोंडावर फेकून म्हणायचं, घ्या नटसम्राज्ञीचे भाऊ. नटसम्राज्ञी म्हणजे ती स्वतः. आणि त्यात थट्टा होती तेवढंच सत्यही होतं, कारण घरातला पहिला नट तीच.

शाळेत ती त्याला हाताला धरून न्यायची. तेव्हा बूट नव्हता. डाव्या हाताचा तळवा डाव्या मांडीवर दाबायचा, पाय ताठ करायचा, पुढे टाकायचा, असं ते चालणं. उजवा हात पाऊलभर पुढे चाललेल्या ताईच्या उजव्या हातात. ती सरळ चालली की तिच्या हाताला हिसका बसे आणि त्याच्या खांद्याला कळ, म्हणून कधीतरी, कुणी न सांगता, तीही तशीच चालू लागली. तोही डावा तळवा मांडीवर, तीही. दोन पोरं रस्त्याने एका ठेक्यात खाली-वर होत चाललेली. एका शेजारणीने ते पाहिलं आणि आईजवळ येऊन हळहळली, अरेरे, दोघंही का हो? संध्याकाळी आईने ताईला उलथन्याने मारलं. "एक पुरे आहे घरात," ती म्हणत होती, प्रत्येक फटक्याला तेवढंच, आणि कोपऱ्यात बसलेल्या त्याला कळत होतं की पुरे आहे तो एक कोण. दुसऱ्या दिवसापासून ताई घरापासून नाक्यापर्यंत सरळ चालायची आणि नाक्याचं वळण घेतलं की मांडीवर हात ठेवायची. परत येताना नाक्यावर पुन्हा सरळ. इतक्या सफाईने की वळणावर जणू पोरगी बदलून दुसरी उभी केली. त्याने आयुष्यात पुढे पुष्कळ मोठे नट जवळून पाहिले. त्या वळणासारखं काही पाहिलं नाही.

जिने चढताना आतून तिचा आवाज आला, "कोण?" दार उघडंच होतं. तो म्हणाला, मी. यंत्र थांबलं. "तू होय. मला वाटलं कुणीतरी सामान घेऊन चढतंय," ती म्हणाली. खोलीभर कापडाचा वास होता, खिडकीतलं ऊन धाग्याच्या रिळांवर पडून भिंतीवर रंगीत डाग झाले होते. तिने त्याच्यापुढे पाणी ठेवलं. पाणी पिताना त्याने सांगून टाकलं, फरशीचं, फाटकाचं, बापाचं. सांगताना ते इतकं मूर्खपणाचं वाटलं की शेवटी तोच हसला. ती हसली नाही. म्हणाली, तरीच मेल्या, गेली कित्येक वर्षं तुझ्या पँटचा उजवा पाय टाचेशी झिजून येतो, मी म्हणते बूट चावत असेल.

मग ती म्हणाली, "बूट काढ."

"पडेन, ताई. सवय गेलीय."

"पडलास तर मी आहे. नाहीतरी तुझ्या अंगावर आता हाडांशिवाय काय आहे? काढ."

त्याने पट्टे सोडले. लोखंडातून पाय बाहेर आला, पांढरा, बारीक, वयाने मोठा न झालेला. त्याच्याकडे त्याने कित्येक दिवसांत नीट पाहिलं नव्हतं. आंघोळीत पाहतात तेवढंच. फरशी गार होती आणि तो गारवा त्या पायाला त्याच्याआधी कळला. ताई यंत्राला धरून उठली. तिचे स्वतःचे गुडघे गेले होते, उठताना ती देवाला नाही, गुडघ्यांनाच शिव्या घालायची. तिने डावा तळवा मांडीवर ठेवला. "हात दे इकडे," ती म्हणाली, आणि त्याचा उजवा हात घेऊन चालायला लागली.

यंत्रापासून खिडकीपर्यंत जागा ती किती. पण चालता चालता ती लांबत गेली. तो तिच्या पायांकडे बघत होता आणि त्याचे पाय त्याला न विचारता तिच्या मागे निघाले होते. ती जाड, पिकलेली, घामेजलेली बाई चालत नव्हती. नाक्याच्या पलीकडे गेलेली पोरगी चालत होती. आणि तिच्या चालण्यात त्याला जे दिसलं ते त्याने कुठल्याच सिनेमात केलं नव्हतं. पडद्यावरचा टेकू सतत पडायचा. प्रत्येक पावलाला पडता पडता सावरायचा, त्यातच गंमत होती, त्यातच कणव. इथे कुणी पडत नव्हतं. पाय पुढे टाकण्याआधी एक थांबणं होतं, इतकंसं, दारावर टकटक करून आत जायच्या आधी माणूस थांबतो तेवढं, आणि त्या थांबण्यात हात हाताला विचारत होता, चलायचं? आणि दुसरा हात म्हणत होता, चल. मग पाऊल. पुन्हा थांबणं. त्याला वाटलं खिडकी आता यायला नको. शाळा यायला नको. बाहेर कुणाच्या तरी प्रेशर कुकरची शिट्टी झाली आणि ती कितीतरी वर्षं चालू राहिली.

"तू पडायचास नाही कधी," खिडकीपाशी टेकत ताई म्हणाली. धाप लागली होती. "थांबायचास. सगळ्यांना वाटायचं हा पडतोय. आता सोड हात, दुखतोय. अजून तसाच आवळतोस गधड्या."

त्याने सोडला. आणि सोडल्यावर त्याला कळलं की एकट्याची अशी त्याची चाल कधी नव्हतीच. घरात कुणी नसताना तुम्ही जसे चालता. घरात कुणी नसताना तो चाललाच नव्हता. जे होतं ते दोघांचं होतं, आणि त्यातला अर्धा भाग ही बाई उलथन्याचे फटके खाऊन सांभाळून होती.

सेटवर दुपारी दिव्यांची उष्णता होती. खोली उभी केली होती ती खऱ्या खोलीपेक्षा खरी; कॅलेंडरसुद्धा जुनं शोधून आणलेलं. कोपऱ्यात दुसरा नट बसला होता, दोन पायांचा, अंगात अगदी त्याच्यासारखाच चौकड्यांचा शर्ट, एकाच ताग्यातले दोन शिवलेले. त्याला बघून तो अर्धवट उठला आणि ओशाळून म्हणाला, टेकू, तुझंच आहे रे हे, मी आपला बोलावलं म्हणून बसलोय. माणूस वाईट नव्हता. वाईट माणसं कमीच असतात, बोलावलं म्हणून बसलेलीच सगळीकडे.

त्याने दाराबाहेर बूट काढून ठेवला. बाप घरी आला की बूट काढणार, एवढंच त्याने सांगितलं. मदतनीस धावले, कुणी स्टूल आणलं, कुणी खांदा पुढे केला. त्यांना त्याने बाजूला सारलं. तालमीसाठी तो दारातून आत आला, डावा तळवा मांडीवर, थांबून, चालून, थांबून, आणि खुर्चीपर्यंत पोचला. दिग्दर्शिका कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघत होती ती उठून जवळ आली. डोळे वेगळे झाले होते तिचे. पाय बरोबर आहेत, ती म्हणाली, फार बरोबर. मग तिने मान तिरकी केली.

"फक्त हा उजवा हात. तो असा बाहेर का राहतोय? काहीतरी धरल्यासारखा दिसतो. तेवढा खाली घ्या."

इतक्या वर्षांत त्याने कुणाला नाही म्हटलं नव्हतं. उजवा म्हणाले, उजवा. पायरीवर मर म्हणाले, मेला. त्याच्या तोंडून तयार उत्तर निघतच होतं, घेतो मॅडम, आणि जीभ तिथेच थांबली, टकटक केल्यासारखी.

"तो खाली येणार नाही," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"तुम्ही माझा पाय मागितला होता. तो एकटा येत नाही. हवं तर दोन्ही घ्या, नाहीतर त्यांना उठवा." त्याने कोपऱ्याकडे मान केली. "त्यांचे हात अगदी खाली राहतात."

कोपऱ्यातला नट कॅलेंडर वाचू लागला. दिग्दर्शिका त्या बाहेर राहिलेल्या हाताकडे बघत राहिली, अर्धवट मिटलेल्या, घामेजलेल्या, म्हाताऱ्या हाताकडे, आणि त्याला दिसलं की तिला कारण विचारायचंय आणि ती विचारत नाहीये. त्याबद्दल त्याने तिला मनातल्या मनात पुष्कळ काही माफ करून टाकलं, न मरता. "घेऊन बघू," ती म्हणाली, आणि वळली.

तो दाराबाहेर जाऊन उभा राहिला. फळ्यांची मागची बाजू, खिळे, गुंडाळलेल्या तारा, लाकडाचा भुसा. इथून खोली खोटी दिसत होती आणि इथेच त्याला बरं वाटत होतं. उद्या ती हा तुकडा ठेवेल की कापून टाकेल, याचा विचार त्याने करून पाहिला, आणि तो विचार बुटासारखा दाराबाहेर राहिला. आत कुणीतरी शांत म्हणून ओरडलं. दिव्यांचा गुंजारव नाक्यावरच्या दुपारसारखा कानांत दाटला. त्याने डावा तळवा मांडीवर ठेवला. उजव्या हाताची बोटं थोडी उघडली, आणि त्यांत एक छोटा, चिकट, शाईचा डाग पडलेला हात येऊन बसला. चलायचं? आतून इशारा झाला. पहिलं पाऊल तिने उचललं.